मी काबर उठू?

माझ्या हातातला माइक त्यांनी ओढून घेतला. खिशातून रुमाल काढला. माइक पुसला. सगळ्यांसमोर, सावकाश पुसला. मग त्याच माइकमध्ये बोलले, "बाई, ही साक्ष आहे. भाजीबाजार नाही. आधी नीट मराठी शिका, मग उभ्या राहा."

चर्च हसलं. देवाच्या घरात, देवाच्या समोर, माझ्यावर हसलं. लहान पोरं हसली ते समजू शकते. त्यांच्या आयाही पदर तोंडाला लावून हसल्या.

मी खाली बसले. कानात सरकी भरल्यासारखं झालं, काही ऐकू येईना. पुढं गाणं सुरू झालं. प्रेमाचं गाणं.

हे चाळीसगावचं. चर्चचं नाव सांगत नाही. माणसांचीही सांगत नाही. ज्यांनी माइक पुसला त्यांना सगळे सर म्हणतात. ते मंडळीचे सेक्रेटरी. शाळेचे हेडमास्तर म्हणून रिटायर झालेले. जुनं ख्रिस्ती घराणं. पहिला बाक त्यांचा. बाकावर नाव नाही लिहिलेलं, पण तिथं दुसरं कोणी बसत नाही.

मी जिनिंगमध्ये काम करते. कापूस निवडते. केसात रुई, भुवयांवर रुई. अंगाला सरकीचा वास. कितीही घासा, जात नाही. माहेर भडगावकडचं, गिरणेच्या काठावरची भिलाटी, म्हणजे भिल्लांची वस्ती. इथंही भिलाटीतच राहते. बोली अहिराणी. शाळा सातवीपर्यंत.

मी देवाकडं कशी आले ते सांगते, कारण त्या दिवशी मला तेवढंच सांगू दिलं नाही.

माझा नवरा धुळ्याला एका दवाखान्यात होता. लिव्हर गेलं होतं. मी वॉर्डाबाहेर फरशीवर बसून असायची. लग्न झाल्यापासून मला कोणी नावानं हाक मारली नव्हती. सासू म्हणायची, ए पांढऱ्या पायाची. नवरा म्हणायचा, ए. मुकादम म्हणायचा, ए बाई. त्या वॉर्डात एक सिस्टर होती. म्हातारी, रिटायरला आलेली. ड्युटी संपल्यावर माझ्याजवळ येऊन बसली. फरशीवर. म्हणाली, "पोरी, तुझं नाव काय?" मी सांगितलं. तिनं डोळे मिटले आणि माझं नाव घेऊन ती देवाशी बोलली.

नवरा वाचला नाही. चमत्कार झाला नाही. पण माझं नाव कुणीतरी देवाला सांगितलं होतं. मला तेवढं पुरलं. पुढं मी स्वतः चर्च शोधत गेले, बाप्तिस्मा घेतला. कोणी ओढलं नाही, कोणी काही दिलं नाही. मागच्या बाकावर बसायची. बोलायची नाही.

मग एका रविवारी बाहेरगावचे एक उपदेशक आले. खूप मोठ्यानं बोलले. "सुवार्ता सांगणं फक्त पाळकाचं काम नाही. तुमचं आहे. शेतकऱ्याचं, मजुराचं, बाईमाणसाचं. येत्या रविवारी प्रत्येकानं एक तरी माणूस घेऊन या. आणि उभं राहून साक्ष द्या, देव कसा भेटला ते सांगा." सगळ्यांनी हात वर केले. सरांनी सगळ्यांत मोठ्यानं आमेन म्हटलं.

मला वाटलं, खरंच म्हणतायत.

आठवडाभर जिनिंगमध्ये भाकर खाताना मी बायकांना सांगत राहिले. सिस्टरचं सांगितलं. नावाचं सांगितलं. सुमनअक्का आमच्यातली थोरली. तिचा मुलगा सुरतला गेला तो परत आला नाही, फोनही नाही. ती भाकर मोडत ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "मना पोऱ्याना नाव सांगशी का तुना देवले?" मी म्हटलं, तूच सांग, तो ऐकस.

रविवारी माझ्याबरोबर चार बायका आल्या. धुतलेली लुगडी नेसून, केसांना तेल लावून. मी चर्चमध्ये पाहिलं. त्या अख्ख्या चर्चमध्ये नवीन माणूस दुसऱ्या कोणीच आणलं नव्हतं. एकानंही नाही.

दारात सरांच्या मॅडम उभ्या होत्या. बाक रिकामे होते. त्या म्हणाल्या, "यांना मागं सतरंजीवर बसव. त्यांना खालीच बरं वाटेल." मी बसवलं. हो, बसवलं. तेव्हा मला वाटलं, बसायचं कुठंही, देव सगळीकडं आहे.

मग साक्षीची वेळ आली. पाळकांनी विचारलं, कोण बोलणार? कोणीच उठेना. मी उठले. आयुष्यात पहिल्यांदा माइक हातात घेतला. आणि माझ्या तोंडून माझी बोली आली. दुसरी कुठली येणार?

"मना घरवाला दवाखानामा व्हता. मी बाहेर बठेल व्हती. एक सिस्टर वनी. तिनी मना नाव इचारं..."

इथपर्यंतच. इथं माइक गेला. पुढं रुमाल. पुढं हसणं.

घरी जाताना चौघीजणी माझ्यापुढं झपझप चालत होत्या. चौकातल्या टपरीवर दोनचार पोरं उभी असतात. त्यांना कळलं होतं आम्ही कुठून येतोय. एक ओरडला, "काय मावशी, धरम इकना का?" मी मान खाली घातली. आत म्हणतात बाजार, बाहेर म्हणतात विकला. आमच्या माणसांनी कुठं उभं राहायचं ते कोणीच सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी जिनिंगमध्ये सुमनअक्का माझ्याशेजारी बसली. कापसातला कचरा वेचता वेचता, माझ्याकडं न बघता म्हणाली, "काय वं, तुना देव बी त्यासनाच शे का?"

माझा हात थांबला.

सरांनी माइक पुसला तेव्हा मला शरम वाटली होती. अक्कानं हे विचारलं तेव्हा राग आला. असा राग मला आधी कधी आलाच नव्हता. सासूचा नाही, मुकादमाचा नाही. वाटलं, मी गप बसले म्हणून देव त्यांचा झाला. मी सतरंजी अंथरली म्हणून झाला. एका म्हातारीला तिच्या पोराचं नाव देवाला सांगायचं होतं, आणि या लोकांनी तिला सतरंजीवरूनच परत लावलं. माझा अपमान मी गिळला असता. हा नाही.

"नही अक्का," मी म्हटलं. "त्यासना नही शे."

ती म्हणाली, "मंग दखाड."

मी दाखवायचं ठरवलं. रोज बोलू लागले. भाकर खाताना, पाणी भरताना, ट्रॅक्टरमधून घरी जाताना. माझ्या बोलीत, मोकळी. जिला पटायचं नाही तिला सोडून द्यायची. जिला पटायचं ती यायची. पावसाळा संपेपर्यंत सतरंजी पुरेनाशी झाली. एक सांगते, लपवत नाही. मी देवासाठी सांगत होतेच. पण प्रत्येक नव्या बाईला दारातून आत आणताना मी सरांचं तोंड बघायची. त्यांचा जबडा आवळायचा. ते बघून मला बरं वाटायचं.

त्यांनी मग रस्ता काढला. मला ऑफिसात बोलावलं. उभंच ठेवलं. म्हणाले, "तुझं काम चांगलं चाललंय. तुमच्या वस्तीतच एक शेड बांधू. तुमची वेगळी उपासना. तुमच्या भाषेत. तुम्हांलाही मोकळं वाटेल."

पाळक शेजारी बसले होते. तरुण आहेत, भले आहेत, भित्रे आहेत. ते टेबलाकडं बघत राहिले.

मी म्हटलं, "विचारून सांगते." मला सगळं समजलं होतं. भिलाटी गावाबाहेर, आता आमचा देवही गावाबाहेर.

महिन्याभरानं वरच्या ऑफिसातून मोठे साहेब आले. सुवार्तेचं काम बघायला. चर्चला पताका लावल्या. सरांनी भाषण केलं. "आमच्या मंडळीनं जिनिंगच्या वस्तीत मोठं कार्य उभं केलं आहे." आमच्या! मग मागं हात केला. "बायांनो, उभ्या राहा. साहेबांना दिसू द्या." फोटोवाला धावत मागं आला. आमच्या बायका उभ्या राहिल्या, बैलबाजारात जनावरं उभी करतात तशा. सर पुढं म्हणाले, "आणि आनंदाची गोष्ट, यांच्यासाठी वस्तीतच स्वतंत्र शेड बांधतो आहोत."

टाळ्या वाजल्या.

मी चालू लागले. मधल्या वाटेनं, सरळ पुढं. पहिल्या बाकाशी आले. मॅडमच्या शेजारी जागा होती, त्यांची पर्स होती तिथं. पर्स उचलून त्यांच्या मांडीवर ठेवली आणि मी बसले.

मॅडम दबक्या आवाजात म्हणाल्या, "ऊठ. ही आमची जागा आहे."

"मी काबर उठू?"

मी मोठ्यानं म्हटलं. सगळ्यांना ऐकू जाईल असं. टाळ्या थांबल्या. मागून सुमनअक्का आली. माझ्यापुढून सरकून मॅडमच्या पलीकडं बसली. मग दुसऱ्या आल्या. पहिला बाक भरला, दुसरा भरला. तिसऱ्या बाकावरची माणसं आपणहून उठली. मॅडम मध्ये अडकल्या. दोन्ही बाजूंनी सरकीचा वास.

सर म्हणाले, "हा काय तमाशा आहे?"

मी उभी राहिले. माइक मागितला नाही. माझा आवाज जिनिंगच्या मशीनवर चढवायची सवय आहे मला.

"सर, तुमी दर वरीसले सांगतस, तुमनी पणजी मिशनना बंगलामा दळन दळे. आठे वनी तवय तिले लिहता येये नही. तिले कोनी सांगं व्हतं का, पहिले मराठी शिक? तिले कोनी सांगं, खाल बठ? सांगा ना. ती कोनती वस्तीमाईन वनी व्हती, ते बी सांगा."

सरांचा चेहरा पांढरा पडला. वस्ती कोणती ते सगळ्या चर्चला माहीत होतं. कोणी बोलत नव्हतं इतकंच. तीन पिढ्यांमागं ते आमच्यासारखेच आले होते. आमच्यासारख्याच वस्तीतून. मग आत येऊन दार ओढून घेतलं.

मग मी माझी साक्ष दिली. अर्धी राहिलेली सगळी. नवरा, वॉर्ड, सिस्टर, माझं नाव. अक्काही उठली. तिनं तिच्या पोराचं नाव घेतलं. मोठ्यानं, तीनदा. आणि खाली बसून रडली. या वेळी कोणी हसलं नाही. हसायची छाती नव्हती.

मोठे साहेब पुढं आले. हात जोडून म्हणाले, "ताई, चुकलं असेल. क्षमा करा. प्रभूनं तेच शिकवलंय."

मी म्हटलं, "साहेब, क्षमा मागितली कोणी?"

साहेबांनी सरांकडं पाहिलं. सगळ्यांनी पाहिलं. सर खिडकीबाहेर बघत होते.

नाही मागितली. आजपर्यंत नाही.

शेड रद्द झाली. मॅडम आता दुसऱ्या बाजूच्या बाकावर बसतात. दोन घराणी चर्चला येईनाशी झाली. मुकादमाला कोणीतरी जाऊन सांगितलं, ही बाई बायकांना भडकवते. आठवडाभर मला काम मिळालं नाही. कोणी सांगितलं ते मला माहीत आहे.

पाळक घरी आले. चहा घेतला नाही. म्हणाले, "ताई, सूड मनात ठेवून सुवार्ता सांगू नये."

मी म्हटलं, "पाळकसाहेब, त्या दिवशी ऑफिसात तुम्ही टेबलाकडं बघत होता. तेव्हा मनात काय ठेवलं होतं?" ते उठून गेले.

सूड तर सूड. माझ्या मनात तो आहे. मी कोणाचं घर जाळणार नाही, कोणाला शिवी देणार नाही. मी सांगत राहणार. जिनिंगमध्ये, भिलाटीत, माहेरी, एसटीत शेजारी बसेल तिला. माझ्या बोलीत. ज्यांना सरांनी दारात उभं केलं नसतं त्यांना मी आत नेणार.

नाताळाआधी आमच्या अकरा बायकांचा बाप्तिस्मा आहे. मग त्या मंडळीच्या सभासद होतील. सभासदाला मत असतं. वार्षिक सभेत मंडळीचा कारभार बघणारे पंच निवडतात, त्यांच्यातलाच एक सेक्रेटरी होतो. सर इतकी वर्षं बिनविरोध निवडून येत आलेत.

यंदा त्यांच्यासमोर मी उभी आहे. पाळकांना तसं सांगून ठेवलंय. हरले तर पुढच्या वर्षी पुन्हा उभी राहीन, आणि तोवर आणखी बायका आल्या असतील. सरांनी सगळ्यांसमोर क्षमा मागितली, तर मी देवाला विचारीन काय करायचं. तोवर मी त्यांना क्षमा केलेली नाही. हे मी गुडघे टेकून देवालाही सांगितलंय.