अण्णांचे कान

शेवटच्या भेटीत अण्णांनी, म्हणजे माझ्या थोरल्या भावानं, आपला हेडफोन माझ्या हातात ठेवला. "घेऊन जा. मला आता त्याचा उपयोग नाही." मी तो खुशाल पिशवीत टाकला आणि कर्वेनगरहून बिबवेवाडीला घरी आलो. आठवड्याभरात ते गेले...

अण्णांनी उभी हयात रेकॉर्डिंग स्टुडिओत काढली. निवृत्तीनंतरही गाणारी मंडळी आपलं रेकॉर्डिंग घेऊन त्यांच्याकडे यायची आणि अण्णा डोळे मिटून ऐकत, चुकलेल्या जागेवर नेमकं बोट ठेवत. त्यांच्या पंचाहत्तरीला मी स्वतःच्या हातानं हेडफोनचा अ‍ॅम्प्लिफायर करून दिला. चार दिवसांत फोन आला. "अरे, तानपुऱ्याचा खर्ज फुगलाय. मीच रेकॉर्ड केलेला तानपुरा आहे, असा नव्हता तो." मी पडलो इलेक्ट्रॉनिक्सचा मास्तर, मीटरवर सगळं चोख आलेलं. म्हणालो, "अ‍ॅम्प्लिफायर ठीक आहे अण्णा. कान तपासून घ्या." असं बोलायला पुण्यात धैर्य लागत नाही, सवय पुरते.

ते म्हणाले, "असेल बाबा. तुला त्यातलं कळतं." भांडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. त्यानंतर आलेल्या प्रत्येकाला "माझे कान गेलेत, दुसऱ्या कुणाला तरी ऐकवा" असं सांगून ते दारातूनच परत पाठवू लागले.

दिवसकार्य उरकल्यावर वहिनींनी तो अ‍ॅम्प्लिफायरही परत दिला. मी त्याला त्यांचा हेडफोन जोडला आणि तोच तानपुरा लावला. खर्ज खरंच फुगला होता! शॉर्ट झालं तर काही जळू नये म्हणून आउटपुटला मीच शंभर ओहमचा रेझिस्टर घातला होता. हेडफोनचा इम्पीडन्स, म्हणजे विजेला होणारा त्याचा विरोध, सगळ्या सुरांना सारखा नसतो, या हेडफोनचा तर खर्जाशी चांगलाच वाढतो. मग अ‍ॅम्प्लिफायरच्या तोंडाशी एवढा अडथळा असला की खर्जाच्या वाट्याला इतरांपेक्षा जास्त आवाज येतो. मी मोजमाप केलं ते हेडफोन न जोडताच. हाच धडा मी वर्गात वर्षानुवर्षं शिकवला, याची आता लाज वाटते.

रेझिस्टर बदलायला दहा मिनिटं लागली. खर्ज जागेवर आला. मी वहिनींना फोन केला, "अण्णांचे कान शेवटपर्यंत ठीक होते."

"अहो भाऊजी," त्या म्हणाल्या, "हे मला कशाला सांगताय?"

हेडफोन टेबलावरच आहे. त्याची पट्टी अण्णांच्या डोक्याच्या मापाला ओढलेली आहे, मला सैल होते. मी ती कमी केलेली नाही. ऐकताना दोन्ही हातांनी धरून बसतो.