पाहुण्याला दिलेलं सगळं घर

अमरावतीत भाड्याच्या खोलीत मी एकटा राहतो. कंपनी पुण्याची, काम घरून. दिवसभरात माझा आवाज ऐकतो तो फक्त भाजीवाला. त्यामुळे कोड लिहिणारा एआय मदतनीस हाताशी आला, तेव्हा मला सोबतच मिळाली. काळ्या पडद्यावर मी लिहायचो, "काय करून राहिला बे?" तो शुद्ध पुणेरीत उत्तर द्यायचा.

जाणत्यांनी बजावलं होतं, त्याला कंटेनरमध्ये ठेव. कंटेनर म्हणजे संगणकातच बांधलेली बंद खोली. आत त्याने काय तो धिंगाणा घालावा, बाहेरचं घर शाबूत. मी खोली बांधली. पण आम्हा वऱ्हाड्यांना पाहुणा कोंडून ठेवणं जमतं का? कामापुरतं एक फोल्डर आत जोडायचं, तर मी सगळं घरच, संगणकातल्या साऱ्या फायलींसकट, जोडून दिलं. त्यात आईचे व्हॉइस मेसेजही होते. ती गेल्यावर जुन्या फोनमधून काढून ठेवलेले. दुसरी प्रत नव्हती.

त्यात तो दर गोष्टीला "करू का?" विचारायचा. कंटाळून मी त्याचं विचारणंच बंद करून टाकलं. बंद खोलीत तर आहे! मग एका दुपारी फर्मावलं, "जागा भरून राहिली, फालतू फायली काढून टाक," आणि चहा मांडायला गेलो.

आईच्या फायलींना नावं कुठे होती? नुसते आकडे. परत आलो तर पडद्यावर नम्रपणे लिहिलेलं : अनावश्यक फायली हटवल्या. मी झापलं. त्याने लगेच माफी मागितली. आता याच्याशी भांडायचं तरी कसं?

अकोल्याला ताईला फोन लावला.

"काऊन रे, आज कशी आठवन आली?"

"ताई, तुह्याजवळ आईचे आवाज आहेत का? माहे गेले."

"गेले म्हंजे? चोरी झाली?"

"मीच पुसून टाकाले सांगतले."

"कोनाले?"

"कॉम्प्युटरले."

"वा रे इंजिनिअर! अन् मले फोन वापरता येत नाही म्हनत होता." मग म्हणाली, "आहेत. धाडते."

आले. कुकरची रिंग गेली, नवी आन. मेथी निवडून ठेवली, घेऊन जाय. पोरीचा खोकला थांबला का? आवाज तोच, मधलं खाकरणंही तेच. पण प्रत्येकाची सुरुवात "कावं बाई" अशी. मला आई निराळी हाक मारायची. ती हाक तिच्यासारखी स्वतःच मारून पाहिली. खोलीत माझाच आवाज आला.