खंडेनवमीची फ्लॉपी

सातपूरच्या एका कारखान्यात मी टायपिस्ट होते. ऐंशीच्या दशकात तिथं कॉम्प्युटर आला आणि साहेबांनी मला त्याच्यापुढं बसवलं. "सहा महिने बघू. जमलं तर कायम, नाहीतर नमस्कार." घरी आई शिवणकामावर संसार ओढत होती. डोळे अधू झालेले. "दिवाळीपासून तुझी मशीन बंद," असं मी तिला ठणकावून सांगून बसले होते. आधी कायम तर हो, शहाणे!

शिकवायला आलेल्या इंजिनिअरनं बजावलं होतं, "डब्यातली मेमरी वीज गेली की सगळं विसरते. लक्षात ठेवते ती फ्लॉपी." पंजाएवढं काळं पाकीट, त्याच्या खाचेतून आतली चकती दिसायची. आता नखाएवढ्या चिपमध्ये अख्खा कारखाना मावतो, तरी मी प्रत्येक गोष्टीच्या दोन प्रती ठेवते. घरातले हसतात. हसू देत.

खंडेनवमीच्या सकाळी सुट्या भागांची यादी पडद्यावर उघडी होती. तीन आठवडे खपून टाइप केलेली, तीही एकाच फ्लॉपीवर. दुसरी मागायची भीड वाटली होती. पूजेची वेळ झाली. कॉम्प्युटरला हार घातला, फ्लॉपी बाहेर काढली आणि हळदकुंकू लावलं नेमकं त्या खाचेत! आई सुईला लावायची ना, काम होतं तिथंच.

फ्लॉपी परत घातली तर यंत्र नुसतं करकरलं. भीड सोडून नवी मागून आणली, तीही चालेना. आतल्या वाचणाऱ्या भागालाही कुंकू लागलं होतं. यादी आता फक्त त्या विसरभोळ्या मेमरीत होती, आणि दिवे मिणमिणत होते.

घाईघाईनं प्रिंटर सुरू केला. मेला एकेक ओळ कुंथत काढत होता. "जाऊ नकोस गं बाई," मी विजेला विनवत होते. शेवटचं पान फाडून घेतलं आणि थोड्याच वेळात वीज गेली.

साहेबांना खरं ते सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला. "पुन्हा टाइप करा. कायम करायचं आता पुढच्या वर्षी बघू."

घरी आईनं मशीनची पूजा करून ती झाकून ठेवली होती. पूजेनंतर दिवसभर ती मशीनला हात लावत नसे. "हिची ही शेवटचीच पूजा," ती खुशीत म्हणाली. "तुझ्या मशीनची केलीस ना नीट?"

"केली," म्हणाले आणि मला रडूच फुटलं.

आईनं मशीनवरचं झाकण काढलं आणि सुईत ओवायला दोरा माझ्या हातात दिला.