शेऱ्यासाठी सोडलेली जागा

शोभा गेल्याचा फोन आला तेव्हा मी नववीच्या वर्गात मागच्या बाकावर बसलो होतो. धुळ्याच्या आमच्या शाळेत दरवर्षी बी.एड.ची मुलं सराव पाठ घ्यायला येतात. ते बघून वहीत शेरा लिहायचं काम माझ्याकडे. फोन तिच्या नवऱ्याचा, जळगावहून. मेंदूत रक्तस्राव, दोन दिवसांत सगळं संपलं... समोर पाठ घेणारी मुलगी फळ्यावर आकृती काढत होती आणि मला काही दिसत नव्हतं. शोभा माझी चुलतबहीण. या महिन्याभरात रडू कमी आणि शरम जास्त वाटली, म्हणून हे लिहितोय.

तिला हायस्कूलची बाई व्हायचं होतं, लहानपणापासून दुसरं काही नाही. बी.एस्सी. झाली, प्रवेश परीक्षा दिली आणि धुळ्याच्या चांगल्या कॉलेजच्या यादीत नाव लागलं. काका, म्हणजे आमचे आबा, पाचोऱ्याकडच्या गावाहून तिला घेऊन माझ्याकडे आले. म्हणाले, "तू मास्तर शेस, तुले बठ्ठं माहीत शे. पोरले कोठे टाकू, सांग." मी एका दुसऱ्याच कॉलेजचं नाव सांगितलं. तिथे फी भरायची आणि थेट परीक्षेला जायचं, हजेरी आपोआप लागते. "पदवी ती पदवीच," मी म्हणालो. शोभाने एकदाच विचारलं, "भाऊ, मंग पाठ कवय घेवाना?" पाठ कधी घ्यायचे, हा तिचा प्रश्न मी हसण्यावारी नेला.

खरं कारण आज सांगतो. ती धुळ्यात शिकली असती तर माझ्याच घरी राहिली असती. भाऊ गावात असताना पोर हॉस्टेलवर राहणं आबांना चाललंच नसतं. घर दोन खोल्यांचं, आमची मुलगी महिन्याची. बायको एका शब्दाने नाही म्हणाली नव्हती, उलट तिने शोभासाठी गादीची खोळ धुऊन ठेवली होती. मला मात्र अडचण नको होती. सल्ला म्हणून दिली ती माझी सोय होती, आणि आबांनी ती विश्वासाने गाठीला बांधली.

त्या कॉलेजात तिच्या वहीत वीस पाठ दुसऱ्याच्या वहीतून उतरवलेले, प्रत्येकाखाली ‘उत्तम’ असा शेरा. पहिला वर्ग पाहण्याआधीच ती प्रथम श्रेणीत पास. मग एका शाळेत मुलाखतीला नमुना पाठ घ्यायला सांगितला. साठ पोरं समोर पाहून तिचा आवाजच गेला, निम्मा तास ती फळ्याकडे तोंड करून उभी राहिली. सराव पाठ किती घेतले, असं विचारल्यावर खरं बोलली, "एकही नाही." खोटं बोलायचं शिक्षण तेवढं तिला जमलं नव्हतं.

पुन्हा ती कुठल्या मुलाखतीला गेली नाही. लग्नानंतर जळगावातल्या पिंप्राळ्यात घरीच शिकवण्या घ्यायची. चांगली शिकवते, असं लोक सांगत. दर दिवाळीला म्हणायची, "भाऊ, एक डाव मना पाठ देख. मांगे बठजो, काही बोलू नको." मी म्हणायचो, पुढच्या सुटीत तुझा पाठ नक्की बघतो. परक्यांच्या पोरांचे पाठ बघत वर्षं गेली आणि बहिणीसाठी एक तास निघाला नाही.

परवा पिंप्राळ्याला गेलो तेव्हा तिच्या नवऱ्याने एक वही हातात दिली. "तुमच्यासाठीच लिहायची," एवढंच बोलला. प्रत्येक पानावर नवा पाठ नीट मांडलेला, प्रस्तावनेपासून गृहपाठापर्यंत. खाली ‘निरीक्षक’ पुढे माझं नाव आणि शेऱ्यासाठी चार ओळी सोडलेल्या. वही भरत आली होती.

घरी येऊन पेन उघडलं. निदान एका पानावर तरी ‘उत्तम’ लिहावं, ती नक्कीच उत्तम शिकवत असणार... पण पाठ न बघताच शेरा मारायचा, तर तेच त्या कॉलेजनेही केलं होतं. पेन मिटलं. वही शाळेच्या खणात ठेवली आहे, प्रत्येक पानावरच्या चारही ओळी कोऱ्या आहेत.