मामाची वाट पाहिलेला गुरगुट्या भात

डॉक्टर म्हणाले, "गॅस्ट्रोएन्टरायटिस." परळच्या नाक्यावर म्हणायला घ्यावा आणि भायखळ्याला संपावा, एवढा लांब शब्द. मग त्यांनी समजावलं : पोटात जंतू गेलेत, आतड्याला सूज आलीय. माझ्या सुमीला नुकता सातवा महिना लागला होता. टाळूला खड्डा पडला होता.

"काय खाल्लं हिने?"

मी बोलघेवडी बाई. मुंगी पाहिली तर जेवणवेळेपर्यंत हिचा हत्ती होतो, असं आमच्या लालबागच्या चाळीत म्हणतात. पण डॉक्टरांना मी होतं तेवढंच सांगितलं. तुम्हालाही तेवढंच सांगते, कारण तुमच्याही घरात कुणीतरी पहिला घास खाणार असेल.

सुमीचं उष्टावण ठरलं होतं. पहिला घास मामाने भरवायचा, ही आमची रीत. मामा म्हणजे माझा धाकटा भाऊ सदा, गिरणीत कामाला आणि संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात सगळ्यांच्या पुढे. तो 'झालाच पाहिजे' ओरडला की चौपाटीवरची भरती मागे सरते, असं मी सगळ्यांना सांगायची. सकाळी मी तांदूळ, गाजर, बटाटा एकत्र शिजवून पुरणयंत्रातून काढला. तूप घातलं, गूळ घातला. इतका मऊ, की लोण्याने लाजावं. देवाला नैवेद्य दाखवला आणि पोरीला मांडीवर घेऊन बसले.

सदा आलाच नाही. मोर्चात धरला, अशी बातमी आली. दुकानं बंद झाली, संचारबंदी लागली. शेजारचे भाऊ म्हणाले, मी भरवतो, मानलेला मामा समजा. मी म्हटलं, सख्खा असताना उसना कशाला? भात डब्यात भरला, झाकण घट्ट लावलं, डबा परातीतल्या पाण्यात ठेवून वर ओलं फडकं टाकलं. दिवस थंडीचे. मुंबईची थंडी ती केवढी, पण मी तिला काश्मीर समजले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सदा सुटून आला, ओठ फुटलेला. नवं शिजवावं तर स्टोव्हमध्ये रॉकेल नाही. शिवाय नैवेद्याचं अन्न टाकायचं कसं? चाखून पाहिलं, गोड लागलं. सदाने भरवलं. सुमीने त्याचं बोट धरलं ते सोडेचना. सगळे हसले. फुटक्या ओठाने तोही हसला.

पहाटे उलट्या सुरू झाल्या, मग जुलाब. उजाडता उजाडता घरातली सगळी दुपटी संपली. ह्यांनी पोरीला छातीशी धरलं आणि आम्ही चालत निघालो. नाक्यावर पोलिसाने अडवलं. मी ठोकून दिलं, ही तुमच्या मोठ्या साहेबांची नात. त्याने वाकून दुपट्यात पाहिलं.

"साहेबांची असो नसो," तो म्हणाला, "पळा."

डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, "बाई, गूळ घातला की नासलेलंही गोड लागतं. शिजलेला मऊ भात नुसत्या पाण्याने पुरेसा गार होत नाही. त्यात जंतू वाढतात. तुम्हाला पचेल, हिला नाही." आता डिहायड्रेशन झालंय म्हणाले, म्हणजे अंगातलं पाणी संपत आलंय. सलाईन लावायला शीर सापडेना. शेवटी घोट्याजवळ छोटी चीर देऊन सुई घातली. सुमी रडली, पण डोळे कोरडे.

आम्ही बाकावर बसून राहिलो. सदा खाली फाटकाशी उभा. वर ये म्हटलं तर मान हलवायचा.

दुसऱ्या दिवशी दुपारी सुमीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिथली सिस्टर, गिरगावातली ख्रिस्ती बाई, मला म्हणाली, "रडू दे तिला. अश्रू आले म्हणजे अंगात पाणी पोचतंय." मी धावत खाली गेले आणि सदाला सांगितलं, तुझी भाची अख्खा वॉर्ड डोक्यावर घेऊन घोषणा देतेय. त्याने तोंड दोन्ही हातांनी झाकून घेतलं.

पुढच्या सकाळी तिला झटके आले. पाणी पोचलं तरी रक्तातलं मीठ बिघडलंय, असं डॉक्टर म्हणाले. सिस्टरने मला बाहेर काढलं नाही. म्हणाली, हात धरून ठेव. मी धरला. तिचे उपकार मी विसरायची नाही.

इथे वाढवून सांगण्यासारखं काही नाही. सुमी गेली.

चाळीत कुजबुज सुरू झाली, सदाचा हातच वाईट. मी प्रत्येकीच्या दारात जाऊन सांगितलं, हात चांगला होता, भात शिळा होता. तुम्हालाही सांगते. बाळ एका वेळी खाईल तेवढंच शिजवा. उरलं तर पुढच्या वेळेला ठेवू नका. मामाला उशीर झाला तर होऊ दे, जो घरात असेल त्याने भरवावं. देव रागवत नाही.

पुढे मुलगा झाला. त्याच्या उष्टावणाला सदा येईना. मी भोईवाड्यात त्याच्या खोलीवर गेले आणि दंडाला धरून घेऊन आले. त्याला स्टोव्हसमोर बसवून मूठभर तांदूळ शिजवला. भरवायला उचललेला घास त्याने परत वाटीत ठेवला, तेव्हा मी त्याचं मनगट धरून पोराच्या तोंडाशी नेलं. पोराने चार घास खाल्ले आणि मान फिरवली.

सदाने उरलेल्या भाताची वाटी माझ्यापुढे धरली.

"ताई, ह्याचं काय करू?"

"तू खा," मी म्हटलं.

तो भिंतीकडे तोंड करून बसला आणि खाऊ लागला.