कोकिळाबाईची नागपूरची तारीख

महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. आमच्या देऊळघाटची कोकिळाबाई तेव्हा नागपूरच्या हायकोर्टात बोलायला निघाली. आता हायकोर्टात साक्षीदार बोलत नसतात, हे तुम्ही शिकलेल्या माणसांना ठाऊक असेल. आम्हाला नव्हतं. डोणगावचा एक गडी बैलाच्या खटल्यात साक्षीला म्हणून बैलच घेऊन निघाला होता म्हणतात, अकोल्यापर्यंत हाकत नेला बिचाऱ्यानं. त्याला आम्ही पोट धरून हसलो होतो.

बाई माझी शेजारीण, मला मामा म्हणायची. तिचा नवरा शालिग्राम काविळीनं गेला. त्याचा थोरला भाऊ भगवंतराव. दोघांची वाटणी तोंडीच झालेली. भगवंतरावानं आपल्या हातानं धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, हद्दीचा गोटा रोवला आणि विहिरीकडचं वावर धाकट्याला दिलं. शालिग्राम होता तोवर सगळं ठीक. तो गेला आणि भगवंतराव म्हणाला, वाटणी कधी झालीच नाही, भाऊ माझं वावर नुसतं कसत होता. कागदावर नाव त्याचंच होतं. बाईला मूलबाळ नाही. ते वावर गेलं की दुसऱ्याच्या वावरात निंदाईला, तण काढायला, जाणं आलं.

दावा लागला. गावातली बाकीची माणसं भगवंतरावाच्या कामावर जाणारी, त्यांना काही दिसलंच नव्हतं. साक्षीदार उरलो मी आणि ती. माझं भगवंतरावाशी एका बकरीवरून जुनं भांडण होतं, म्हणून कोर्टानं माझी साक्ष धरली नाही. बकरीची गोष्ट मोठी मजेची आहे, पण ती इथं नको.

राहिली कोकिळाबाई. आता आमच्याकडे भासऱ्यासमोर सून बोलत नाही. भासरा म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. तो ओट्यावर बसला असेल तर सून मागच्या दारानं जाते, आणि निरोप द्यायचा तर भिंतीला सांगते. भगवंतरावाला हे बरोबर माहीत. बाईच्या साक्षीच्या दिवशी तो पटका बांधून समोरच्या बाकावर येऊन बसला.

जज्जसाहेबांनी विचारलं, "बाई, हे वावर तुमच्या नवऱ्याच्या वाट्याला कोणी घातलं?"

बाईनं पदर हनुवटीपर्यंत ओढला. साहेबांनी पुन्हा विचारलं. वकिलानं हात जोडले. बाई उभीच. शेवटी साहेबांनी लिहून घेतलं आणि तिला खाली उतरवलं.

तिथं हरली. जिल्ह्याच्या कोर्टातही हरली. मग नागपूर. वकील म्हणाला होता, यायचं काही काम नाही. पण बाईनं मनाशी ठरवलं होतं. मलकापूरहून आम्ही गाडीत बसलो, तेव्हा ती डोक्यावरचा पदर मागं सारून माझ्यासमोर बसली.

"मामा, तुमी घडीभर भासरे व्हा."

"मी? मले पटका नाई बांधता येत त्याच्यासारका."

ती हसली नाही. माझ्या तोंडाकडे पाहून सावकाश म्हणाली, "तुमीच दिलं वावर. माह्यासमोर गोटा रोवला." अकोल्यापर्यंत तेच म्हणत राहिली. शेवटी शेवटी मलाच वाटायला लागलं की मीच रोवला.

कोर्ट मोठं देखणं, दगडाचं. मला तर तिथला पंखाच पाहत बसावंसं वाटत होतं. आत जज्जसाहेब उंचावर, खाली वकील, आणि सगळं इंग्रजीत. भगवंतरावही आला होता, पटक्यासकट. बाई त्याच्याकडे न पाहता ताठ बसली होती. मग तिनं आमच्या वकिलाला मागून हळूच विचारलं, "साहेब, मले केव्हा इचारतीन?"

"बाई, इथं कोणाला विचारत नसतात."

"मी सांगतो ना आता," बाई म्हणाली.

"तुमचं सांगणं खाली झालं. जे तिथं लिहिलं तेच इथं आलं. साहेब फक्त पाहतात की खालच्या कोर्टानं कायद्यात चूक केली का. खरं कोण, खोटं कोण, ते आता कोणी उकरत नाही."

"पण म्या तं काईच सांगतलं नव्हतं."

"तेच लिहून आलंय."

आणि खरंच, साहेबांनी वाचलं ते तेच होतं. बाईचं गप्प राहणंसुद्धा इंग्रजीत टाइप होऊन आलं होतं. वकिलांचं थोडं बोलणं झालं, साहेबांनी दोन बोटं टेबलावर आपटत निकाल सांगितला, कारकुनानं पुढचा खटला पुकारला. आम्ही हरलो हे कळलं ते वकिलाच्या मानेवरून. बाहेर येऊन तो म्हणाला, वर दिल्ली आहे, पण तिथंही हेच कागद जातील.

व्हरांड्यात भगवंतराव जोडे घालत होता. कोकिळाबाई त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. पदर खांद्यावर. बाजारात भाव विचारावा तशा आवाजात म्हणाली, "तुमीच दिलं वावर. माह्यासमोर गोटा रोवला."

भगवंतरावानं वर पाहिलं. मग मान हलवली.

"हाव. रोवला होता," तो म्हणाला. "तवा काऊन नाई बोलली?"

आमचा वकील तिथंच होता. त्यानं ऐकलं आणि कागदांची दोरी आवळली.

बाई पायऱ्या उतरून चालू लागली. मी स्टेशनाबाहेर संत्री घेतली, तिनं एक सोलून खाल्लं, बिया मुठीत धरून बसली. मी तिला बकरीची गोष्ट सांगितली. ती ऐकत होती की नाही, देव जाणे.

पेरणीच्या आधी ताबा गेला. त्या दिवसापासून ती भगवंतरावासमोर पदर घेत नव्हती. तो ओट्यावर असला तरी समोरून जायची, बोलायची नाही, थांबायची नाही. त्या हंगामात भगवंतरावाचा मुकादम दारी आला आणि म्हणाला, विहिरीकडच्या वावरात निंदाईला बाया पाहिजेत. तिनं विळा घेतला आणि गेली.