अर्लच्या भावाचं पीस

अर्लला काहीही विचारा, तो आधी खिडकीबाहेर बघायचा. "कॉफी घेणार का?" एवढं विचारलं तरी. माझ्या वर्गातल्या मुलांनी एकदा घड्याळ लावून मोजलं होतं: अकरा सेकंद. उत्तर मात्र एका वाक्यात यायचं आणि ते त्याला कधी बदलावं लागायचं नाही.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. न्यू जर्सीतल्या आमच्या शाळेत तो सुतारकाम शिकवायचा, मी गणित. तो ओक्लाहोमातला, कायोवा या मूळ अमेरिकी जमातीचा. बायकोचं माहेर इकडचं, म्हणून इकडे आलेला. शाळेत माझ्या आडनावाचं पहिलं अक्षर तेवढं उरलं होतं. ओळख झाली त्या दिवशी माझा हात हातात घेऊन म्हणाला, "मिसेस के, कोलंबस तुम्हाला शोधायला निघाला होता. सापडलो आम्ही."

कोरियाच्या युद्धात तो आणि त्याचा मोठा भाऊ दोघंही होते. भाऊ परत आला नाही. मुलं विचारायची, "मिस्टर अर्ल, तुम्ही किती माणसं मारलीत?" तो रंधा खाली ठेवायचा, खिडकीबाहेर बघायचा आणि म्हणायचा, "विचारायचंच असेल, तर कोण परत आलं नाही ते विचारा."

नोव्हेंबरात माजी सैनिकांच्या दिवशी शाळेत सभा भरायची. ती माझ्याकडे असायची, कारण माझा कार्यक्रम कधी लांबत नसे. मुलांच्या इतिहासाच्या पुस्तकात अर्लचे लोक शंभर वर्षांपूर्वीच संपले होते. त्यानंतरच्या युद्धांतही ते लढले, हे मुलांना कळावं म्हणून मी त्याला बोलायला सांगितलं. एवढं श्रेय मी घेते.

"तुमचा तो पिसांचा पोशाख घालणार ना?" मी विचारलं.

"निळा सूट. सेलमध्ये घेतलाय."

आदल्या दिवशी जिममध्ये, म्हणजे शाळेच्या खेळाच्या बंद हॉलमध्ये, मी खुर्च्या मांडून घेत होते. माझी मुलगी मृणाल त्याच शाळेत आठवीत होती, तीही मदतीला होती. अर्ल आला. त्याच्या हातात त्याने स्वतः कोरलेली काठी होती आणि काठीला गरुडाचं पीस बांधलेलं. "हे भावाचं," तो म्हणाला. "पीस जमिनीवर पडलं, तर आमच्याकडे सैनिक पडला असं मानतात. सगळं थांबतं. ज्याच्याकडून पडलं तो नाही, सैन्यात जाऊन आलेला दुसरा माणूसच ते उचलतो, बाकी कुणी हात लावायचा नाही. कॅफेटेरियातला टोनी सैन्यात होता, मी त्याला सांगून ठेवलंय. त्याला पहिल्या रांगेत बसवा."

"हो हो, लिहून घेतलं," मी म्हणाले. लिहीत होते ते खुर्च्यांचा आकडा.

पहिल्या रांगेत मी शाळेच्या मंडळाचे सभासद बसवले. टोनी मागे दाराशी उभा राहिला.

अर्ल छान बोलत होता. "ज्या सरकारने माझ्या आजोबांची जमीन घेतली, त्याच सरकारचा गणवेश माझ्या भावाने घातला. का, ते मला अजून नीट सांगता येत नाही. पण तो गेला, एवढं लक्षात ठेवा." आणि काठीवरची दोरी सुटली. पीस खाली पडलं.

अर्ल बोलायचा थांबला. टोपी काढून उभा राहिला. मागून टोनी निघाला होता, पण जमिनीवर मांडी घालून बसलेल्या तीनशे मुलांमधून वाट काढणं सोपं नव्हतं. मी घड्याळाकडे पाहिलं. घंटेला चार मिनिटं होती. मी पुढे गेले, पीस उचललं, फुंकर मारून धूळ झटकली आणि त्याच्यापुढे धरून म्हणाले, "हं, चालू द्या."

त्याने ते घेतलं नाही. टोनी धापा टाकत पोचला, तेव्हा त्याच्या हातात मी ते दिलं, जत्रेत हरवलेली चप्पल द्यावी तसं. अर्ल पुढे एक शब्द बोलला नाही. मी टाळ्या वाजवायला सांगितल्या. पोरांनी वाजवल्या.

इथवर सगळं घाईचं पाप होतं. दुसऱ्या दिवशी वर्गात एका मुलाने विचारलं, "मिस्टर अर्ल मध्येच का थांबले?" मी फळ्यावर अपूर्णांक लिहीत होते. पाठमोरीच म्हणाले, "पुढचं विसरले असतील. होतं असं."

त्या पोरांनी ते खरं मानलं. शाळाभर झालं, अर्ल भाषण विसरला.

घरी मृणाल जेवली नाही. "आई, ही टोल्ड यू. मी तिथेच होते. अँड यू सेड ही फर्गॉट."

"तुला नाही कळायचं. सगळं पोरांना सांगत बसायचं नसतं."

"मग त्यांना कशाला बोलावलंस?"

आठवडाभराने मी सुतारकामाच्या खोलीत गेले. अर्ल एका स्टुलाचा पाय घासत होता. मी सॉरी म्हटलं; जिमबद्दलही आणि वर्गाबद्दलही. तो खिडकीबाहेर बघत राहिला. या वेळी मीच मनात मोजत होते, अकराच्याही पुढे गेलं.

"मला सांगून काय उपयोग, मिसेस के? मी विसरलो नव्हतो, हे मला माहीत आहे. मुलांना सांगा."

मी हो म्हटलं. मग परीक्षा आल्या, मग नाताळ, मग बर्फामुळे बुडालेले तास भरून काढायचे होते. कारणांचा मला कधी तुटवडा नव्हता. अर्लने पुन्हा विषय काढला नाही. रोज "गुड मॉर्निंग, मिसेस के" म्हणायचा आणि मी रजिस्टर उघडायचे. जूनमध्ये तो बायकोला घेऊन ओक्लाहोमाला कायमचा निघून गेला. निरोपाचा केक मीच कापून वाटला, नेहमीप्रमाणे समान तुकड्यांत. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये तो हार्ट अटॅकने गेल्याचं टोनीकडून कळलं.

त्यानंतरच्या नोव्हेंबरात मी टोनीला पहिल्या रांगेत बसवलं आणि माइकवर सगळं सांगितलं: काय सांगितलं होतं, मी काय ऐकलं नाही, काय उचललं आणि नंतर काय खोटं बोलले. ज्यांच्याशी खोटं बोलले होते, त्यांतली बहुतेक मुलं तोवर हायस्कूलला गेली होती. मृणालही.

समोरच्या एका मुलीने हात वर केला. "तुम्ही आम्हाला हे सांगितलंत, ते मिस्टर अर्लना कळलं का?"

जिमला खिडक्या नाहीत. मी समोरच्या भिंतीकडे बघत राहिले. कुणी मोजलं असेल तर माहीत नाही.

"नाही," मी म्हणाले.